फोटोत न आलेला

बेबीआत्याला फोटो कागदावर हवे होते.

"ते काचेवर बोट फिरवून बघायचं मला जमत नाही. जरा हात लागला की दुसराच फोटो येतो. हातात धरता आला पाहिजे," असं तिने देविका विमानात बसायच्या आधीच फोनवर बजावलं होतं. त्यामुळे तालिनहून गिरगावात येऊन झोप जरा जागेवर आली, तशी देविका पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून ठाकुरद्वारच्या नाक्यापलीकडच्या फोटो लॅबमध्ये गेली आणि दोन वर्षांतले त्यातल्या त्यात बरे वाटलेले फोटो छापायला देऊन आली.

दुसऱ्या दिवशी पाकीट आणायला गेली, तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थाने वरचाच फोटो बघत विचारलं, "स्वित्झर्लंड?"

"एस्टोनिया."

"हां हां," तो म्हणाला. एस्टोनिया हे स्वित्झर्लंडमधलंच एखादं स्टेशन असावं, असा त्याचा सूर होता. "पण थंडी जबरी दिसते, मॅडम."

देविका हसत बाहेर पडली. नाताळ नुकताच होऊन गेला होता. ऊन अंगाला बरं वाटत होतं, मेट्रोचं खोदकाम संपल्यामुळे रस्ता पुन्हा रस्त्यासारखा दिसत होता आणि कोपऱ्यावर वड्यांचा घाणा निघत होता. तिने गरम वडे बांधून घेतले, पाकीट काखेत मारलं आणि रतन मॅन्शनचे जिने चढायला लागली.

तिसऱ्या मजल्यावर तळपद्यांचं घर. घरात माणसं दोनच उरलेली. देविकाचे वडील मनमोहन, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, आणि त्यांची मोठी बहीण बेबी. बारशाला तिचं काहीतरी भारदस्त नाव ठेवलं होतं, पण ते रेशन कार्डापलीकडे कुठे गेलं नाही. देविका शाळेत असतानाच तिची आई वारली. तेव्हापासून डबा, वेणी, अभ्यास, आजारपण, सगळं आत्याने केलं. स्वतः लग्न केलं नाही. फोर्टमधल्या एका जहाज कंपनीत ती टायपिस्ट होती. हॅम्बुर्ग, रॉटरडॅम, ओसाका ही नावं तिने सारी नोकरीभर टाइप केली. हौसेने पासपोर्ट काढला होता. मुदत संपली की नवा करून घ्यायची. पण एकाही पानावर शिक्का पडला नाही. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ म्हणता म्हणता देविका मोठी झाली आणि आत्या म्हातारी.

यंदा गणपतीत आत्या न्हाणीघरात घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले चाला, आत्या म्हणाली चालेन, घाई काय आहे. गॅलरीशेजारच्या खोलीत, खिडकीला लागून तिचा पलंग लावला होता. तिथून ती खालच्या भाजीवाल्याशी भाव करायची आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये वाळत घातलेल्या कपड्यांवरून कुणाच्या घरी काय चाललंय ते सांगायची. बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

देविकाचं फोटोंचं वेडही तसं आत्यामुळेच. तालिनमध्ये, म्हणजे एस्टोनियाच्या राजधानीत, नोकरी चांगली होती, पण पहिल्याच हिवाळ्यात दुपारीच अंधार पडायला लागला आणि ऑफिसमधून घरी आलं की भिंतींशी बोलायची वेळ आली. तेव्हा तिने ऑफिसातल्या एकाकडून जुना कॅमेरा विकत घेतला. सुट्टीच्या दिवशी बस नाहीतर बोट पकडायची, नकाशावरच्या एखाद्या टिंबापाशी उतरायचं आणि दिसेल ते टिपायचं. ती काही मोठी फोटोग्राफर नव्हती. तिची क्षितिजं तिरकी असायची. पण हे आत्याला दाखवायचंय, असं मनात आलं की ती बर्फातही तासभर उभी राहायची. आणि तेवढा वेळ एकटं वाटायचं नाही.

जेवणं झाली. आत्याच्या फर्माइशीवरून पापलेटचं भुजणं केलं होतं, त्यामुळे तिघंही खुशीत होती. पप्पा आरामखुर्चीत पाय पसरून बसले. आत्याने चष्मा चढवला, वर्तमानपत्र वाचायला घेतात तसलं एक भिंग हातात घेतलं आणि पहिला फोटो नाकाजवळ धरला. दगडी गल्लीतलं एक निळं लाकडी दार.

"दार छान आहे," आत्या म्हणाली. "पण काय गं, ती मासेवाली का नाही घेतलीस?"

"कुठली मासेवाली?"

"समोर बसलीय ती. डोक्याला हिरवा रुमाल. ते तपकिरी झालेले मासे मांडलेत बघ पुढ्यात. दारापेक्षा ती किती छान आहे!"

देविका हसली. त्या गल्लीत खरंच एक बाई धुरावर भाजलेले मासे विकत होती. देविकाने तिच्याकडून थोडे घेतलेही होते. पण तिचा फोटो काढलेला तिला आठवेना.

"तुला मी फोनवर सांगितलं असेल," ती म्हणाली.

"असेल," आत्या म्हणाली आणि पुढचा फोटो उचलला. दीपगृहाचा. "अगंबाई! लाल सायकल अशी आडवी टाकून देतात का? भाड्याची ना ती? ओरखडे पडले तर भरून मागतील."

आता पप्पांनाही गंमत वाटायला लागली. "बेबीताई, ह्यात सायकल कुठे दिसली तुला? माझ्याकडे दे बघू." त्यांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला. दीपगृह, गवत, आभाळ. "सायकल नाहीये."

"सायकल होती पण," देविका हळूच म्हणाली. "मी भाड्यानेच घेतली होती."

मग तो खेळच झाला. पप्पांनी फोटो द्यायचा, आत्याने त्यात नसलेलं काय काय ते सांगायचं आणि देविकाने आठवून बघायचं. चर्चच्या फोटोबाहेर शाळेच्या पोरांची रांग होती. बोटीच्या फोटोबाहेर एक म्हातारा आपल्या कुत्र्याला वाफाळलेला बटाटा भरवत होता. देविकाला पोरं आठवली, म्हातारा आठवला. तिघंही हसत होती, वडे मधूनच खात होती. पप्पा म्हणाले, "ताई, तुला टीव्हीवर बसवतो."

हसता हसताच देविकाच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि तोंडातला घास तसाच राहिला. आत्या सांगत होती त्यातलं काहीच फोटोच्या डाव्या-उजव्या बाजूला नव्हतं. मासेवाली निळ्या दाराच्या समोरच्या कडेला बसली होती. सायकल तिने मागे टाकली होती. म्हातारा तिच्या पाठीशी होता. कॅमेरा डोळ्याला लावल्यावर जे जे देविकाच्या मागे राहिलं होतं, ते ते आत्या बघत होती. जणू ती फोटोच्या आत उभी होती, दाराच्या उंबऱ्यावर, बोटीच्या टोकावर, आणि तिथून कॅमेऱ्याकडे बघत होती.

"आणि काय गं," आत्याने पुढचा फोटो हातात घेतला, बर्फातल्या पाइनच्या झाडांचा. "हा तुझ्याबरोबर फिरतो तो कोण? लग्नाबिग्नाचं असेल तर सांगून टाक. मोहन रागावणार नाही."

"कोण फिरतो?"

"उंच आहे तो. काळपट कोट घातलेला."

"आत्या, मी एकटीच जाते. सगळीकडे."

"असं कसं? प्रत्येक फोटोत आहे की."

पप्पा हसत उठले. "औषधं बदलायला सांगतो डॉक्टरांना," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि ते पत्ते खेळायला मित्राकडे निघून गेले. जिन्यावरून त्यांच्या पावलांचा आवाज खाली खाली गेला. खोलीत पंख्याची घरघर तेवढी राहिली.

देविकाने पलंगावर बसत विचारलं, "आत्या... नीट सांग. काय दिसतं तुला?"

आत्या आता हसत नव्हती. तिने सगळे फोटो गोधडीवर पसरले आणि एकेक उचलून ओळीत मांडायला लागली. एखादी बाई पत्त्यांचा डाव लावते तशी. मधूनच एखादा बदलायची, मागे घ्यायची, पुढे सारायची. मांडून झाल्यावर म्हणाली, "हे बघ. ह्यात तो रस्त्याच्या पार पलीकडे आहे. ह्यात झाडाखाली. ह्यात जरा जवळ आला... ह्यात तुझ्या पाठीशी... आणि ह्यात खांद्याशी."

छापलेल्या फोटोंवर तारखा नव्हत्या. पाकिटात ते कसेही भरलेले होते. पण आत्याने लावलेला क्रम देविकाने एका नजरेत ओळखला. निळं दार तिने पहिल्या उन्हाळ्यात काढलं होतं, आणि ओळीतला शेवटचा फोटो मुंबईला निघायच्या जरा आधीचा, समुद्राकाठच्या उंच कड्यावरचा. मधले सगळे ज्या क्रमाने काढले होते त्याच क्रमाने लागले होते.

"चेहरा कसा आहे त्याचा?"

"तोंड नाही दिसत. खाली मान घालून असतो. तुझ्या केसांकडे बघत असतो बहुतेक..."

"आणि ह्या शेवटच्यात?"

आत्याने भिंग फोटोवर धरलं. बराच वेळ धरलं. "ह्यात त्याने तुझ्या कॅमेऱ्याचा पट्टा धरलाय. मानेपाशी."

देविकाचा हात आपोआप मानेकडे गेला. त्या दिवशी वारा खूप होता. समुद्र नीट यावा म्हणून ती कड्याच्या अगदी टोकाशी गेली होती आणि तेवढ्यात मानेला पट्ट्याचा हिसका बसला होता. फांदीत अडकला असेल, असं म्हणून ती सोडवायला वळली, तर पट्टा मोकळाच. घरी गेल्यावर मानेवर लाल वळ दिसला, तेव्हाही तिने फांदीलाच दोष दिला. आता तिला आठवलं, त्या कड्यावर झाड नव्हतंच. नुसता दगड आणि पिवळं पडलेलं गवत.

"आत्या... तो मला मागे ओढत होता, की..."

"ते फोटोत कळत नाही गं," आत्या म्हणाली आणि फोटो पालथा घातला.

पुढचे दोन-तीन दिवस देविकाने वरवर हसतखेळत काढले. पप्पांबरोबर बाजारात गेली, शेजारणींना चॉकलेटं वाटली. पण आरशासमोर केस विंचरताना तिची नजर स्वतःच्या खांद्यामागे जायची. जिना चढताना ती भिंतीला पाठ लावून चढायची. कॅमेरा तिने कपाटाच्या वरच्या फळीवर चादरींच्या मागे ठेवून दिला. शेवटी एका सकाळी आत्याचे पाय चेपता चेपता तिने सांगून टाकलं, "मी परत जायचं नाही म्हणतेय. इथेच बघते नोकरी."

आत्याने पाय आखडून घेतले. "का?"

"तुला माहितीये का ते."

"तुला शिकवली, वाढवली, ती माझ्यासारखी खिडकीत बसायला?" आत्याचा आवाज चढला. तिला इतकं चिडलेलं देविकाने दहावीच्या प्रिलिमनंतर पाहिलं नव्हतं. "त्या थंडीत जाऊन, त्या लोकांची भाषा शिकून, पगार कमावून, वर फिरून फोटो काढतेस! मला किती मिरवता येतं ठाऊक आहे? समोरच्या कोठाऱ्यांची सून तीनदा विचारून गेली, एस्टोनिया कुठे आलं म्हणून. आणि आता भिऊन घरी बसणार?"

"आत्या, तो..."

"तू जायचंस. त्याचं मी बघते."

"तू काय बघणार? तुला पलंगावरून उतरता येत नाही."

"म्हणून तर," आत्या म्हणाली. "मला वेळच वेळ आहे. तो कड्यावरचा फोटो आण इकडे."

दुपार टळत होती. पप्पा झोप काढून बाहेर गेले होते. आत्याने पोलक्याच्या गळ्याशी फोटो ठेवला, त्यावर दोन्ही हात घेतले आणि डोळे मिटले. "चिकाचा पडदा सोड," ती पुटपुटली. "आणि मला हाका मारू नकोस. काही झालं तरी."

देविकाने पडदा सोडला. काड्यांच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा जमिनीवर आल्या. खाली रस्ता नेहमीसारखाच बोलत होता. टॅक्सीचे हॉर्न, कुल्फीवाल्याची घंटा, गॅलरीच्या वळचणीला पारव्यांचं घुमणं. देविका खुर्चीत बसून आत्याच्या छातीकडे बघत राहिली. श्वास नीट चालला होता. फोटो वरखाली होत होता.

मग केव्हातरी तिच्या लक्षात आलं, की पारवे गप्प झालेत.

पारवेच नाही, हॉर्नही. रस्ता होता, पण कुणीतरी त्यावर जाड गादी पसरावी तसा आवाज दबून गेला होता. हे बहिरेपण देविकाच्या ओळखीचं होतं. रात्रभर बर्फ पडून गेला की तालिनमधली सकाळ अशी असते. जमिनीवरच्या उन्हाच्या रेघा फिक्या झाल्या, राखाडी झाल्या. खोलीत वास आला. ओल्या लोकरीचा. वर्षानुवर्षं धूर खाल्लेल्या, समुद्रात भिजलेल्या आणि कधीच नीट न वाळलेल्या लोकरीचा. पंखा फिरत होता, पण त्याचा वारा लागत नव्हता. लागत होती ती थंडी, खालून, फरशीतून चढणारी.

आत्याचे ओठ हलत होते.

"अहो... इकडे बघा," ती म्हणत होती. अगदी हळू, शेजारच्या बाकड्यावरच्या माणसाशी बोलावं तसं. "तिच्याकडे नको... माझ्याकडे..."

"हो... दिसतंय मला... किती वर्षं झाली?" तिच्या भुवया वर गेल्या. "अरे देवा... आणि कुणीच नाही?... नाही हो, ती लहान आहे. तिला जाऊ दे... हात काढा तिथून... काढा... हां."

देविका खुर्चीतून उठली. हाक मारायची नव्हती. तिने गोधडीखाली हात घालून आत्याच्या पायाला लावला. पाय बर्फासारखे गार होते. आणि ओले. तळवे ओले होते, टाचांना बारीक कच लागली होती, दगडाची. ऑपरेशन झाल्यापासून आत्याने दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

"मी?" आत्या झोपेतच हसली. "मी पण तशीच की हो... चालेल... दिला शब्द."

आणि खाली कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला. पारवे फडफडले, ऊन पिवळं झालं, पंख्याचा वारा अंगावर आला. आत्याने डोळे उघडले.

"चहा टाक," ती म्हणाली. "घसा बसला बोलून बोलून."

"आत्या! कुठे गेली होतीस? कोण आहे तो?"

"नाव सांगितलं त्याने. मला काही उच्चारता येईना. तीन वेळा सांगितलं बिचाऱ्याने."

"तू बोललीस कुठल्या भाषेत?"

"मराठीत. त्याला कुठे इंग्रजी येतंय." आत्याने उशी नीट केली. तिच्या गालांवर लाली आली होती, थंडीतून घरात येणाऱ्यांच्या गालांवर असते तशी. "माणूस वाईट नाही गं. एकटा आहे फार. कुणी आपल्याकडे बघावं, एवढंच. तू तिकडे एकटी, तोही एकटा. लागला मागे. पण एकट्या माणसाला कळत नाही, आपण किती घट्ट धरतोय ते. आता येणार नाही तुझ्यामागे."

"कशावरून?"

"मी शब्द दिलाय त्याला."

"कसला शब्द?"

"चहा टाक म्हटलं ना!"

पप्पांना दोघींनी काही सांगितलं नाही. आत्याचा टॉवेल मात्र देविकाने दोनदा धुतला. पाय पुसलेला. त्याचा वास जाईना.

पण त्यानंतरचे दिवस असे गेले, की देविकाला वाटलं, इतकी मजा ह्या घरात कित्येक वर्षांत झाली नाही. दुसऱ्याच सकाळी आत्या वॉकर मागून पलंगावरून उतरली आणि दातओठ खात गॅलरीपर्यंत चालत गेली. पप्पांनी टाळ्या वाजवल्या. समोरून कोठाऱ्यांच्या सुनेनेही वाजवल्या. आत्याला भूक लागायला लागली. रेडिओबरोबर ती गुणगुणायला लागली. आणि कपाटावरचा कॅमेरा तिनेच खाली काढायला लावला.

"जा, कुठेतरी जाऊन काढून आण. बघू."

देविका वरळी कोळीवाड्यात गेली. बोटी काढल्या, वाळत घातलेले बोंबील काढले, बोळातून दिसणारा सागरी पूल काढला. प्रत्येक वेळी मान ताठ ठेवून वाट पाहिली. हिसका बसला नाही. दुसऱ्या दिवशी फोटो कागदावर आले. आत्याने भिंगातून एकेक तपासला.

"मोकळं आहे," ती म्हणाली. "सगळं मोकळं. ह्या एकात तेवढी एक कोळीण तुझ्या मागून हात नाचवून शिव्या देतेय. वाटेत उभी राहिली होतीस का?"

देविका इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच शिव्या बसल्या होत्या. डोक्यावर टोपली, समोर ही बया कॅमेरा घेऊन उभी. शिव्यांतल्या काही तिने पहिल्यांदाच ऐकल्या होत्या. त्या रात्री ती गाढ झोपली आणि सकाळी उठून तिने तालिनच्या घरमालकिणीला येत असल्याचं कळवलं.

निघायच्या आदल्या दिवशी पप्पांनी हट्ट धरला. "सगळ्या जगाचे फोटो काढतेस, तुम्हा दोघींचा एक मी काढतो." आत्या वॉकरला धरून गॅलरीत उभी राहिली, देविकाने तिच्या कमरेत हात घातला. पप्पांनी कॅमेरा उलटा धरला, मग सुलटा धरला, मग "हसा" म्हणायचं विसरले आणि दोघी त्यांच्या गोंधळालाच हसल्या, तेवढ्यात फोटो निघाला. हा एवढा एकच छापायला देविका पुन्हा लॅबमध्ये गेली. तिथल्या गृहस्थाने विचारलं, "हे पण एस्टोनिया?"

विमान रात्रीचं होतं. चार वाजता बॅगा भरून दाराशी आल्या. पप्पा स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होते आणि देविकाला वजनावरून सूचना देत होते. आत्या पलंगावर बसली होती. देविकाने फोटो तिच्या हातात दिला.

"छान आलाय," आत्या म्हणाली. "तू आईसारखी दिसतेस ह्यात." मग तिने भिंग घेतलं.

देविकाला ते आठवायला नको होतं, पण आठवलंच. हा फोटो तिने काढलेला नव्हता. पप्पांनी काढला होता. आत्याला ह्यातून दिसणार होते ते पप्पा, आणि पप्पांच्या मागची ती खोली. हीच खोली.

आत्या बघत राहिली. भिंग फोटोवरून हलेना. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे देविकाने जन्मात पाहिलं नव्हतं. ती लाजली. तिने पदर सारखा केला. कानावर आलेली पांढरी बट मागे सारली.

"आत्या... काय दिसलं?"

"काही नाही. मोहन बारीक झालाय." तिने फोटो उशीखाली सरकवला. "आता तू खुशाल जा. आणि तिकडचं काही बघितलंस की फोटो काढून पाठव. कागदावर हं. दोघांना दिसेल असा मोठा."

"पप्पांना चष्मा लावला की छोटाही..." देविका बोलायला लागली आणि मध्येच थांबली.

आत्या पप्पांबद्दल बोलतच नव्हती.

"मोहन," तिने आत हाक दिली, "चार कप टाक रे."

"चार कशाला? तिघं तर आहोत."

"टाक म्हणते ना." आत्याने गोधडी बाजूला घेतली आणि पाय भिंतीकडे ओढले, पायथ्याशी कुणाला तरी बसायला जागा करावी तसे. मग देविकाकडे न बघता, हलक्या आवाजात म्हणाली, "देवू, पंखा जरा मोठा कर गं. ह्यांना इथल्या उकाड्याची सवय नाही."

देविकाने बटण फिरवलं. वारा वाढला तसा तो वास आला, अगदी पुसट, ओल्या लोकरीचा. तिच्या डोळ्यांसमोर पलंगाच्या मोकळ्या कडेची चादर हळूच खाली दबली आणि जुनी स्प्रिंग एकदा कुरकुरली.

"ताई," पप्पांनी स्वयंपाकघरातून मोठ्याने विचारलं, "चौथ्यात साखर किती घालू?"

आत्याने मान किंचित कलती केली. क्षणभर ऐकून घेतलं.

"बिनसाखरेचा," ती म्हणाली.